लॅपटॉप तुमचा, पण अकाउंट कुणाचं? नव्या लॅपटॉपची पहिली संध्याकाळ

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि बसमध्ये आवाज नको म्हणून हा भाग वाचणाऱ्यांचंही स्वागत.

आजचा विषय तुम्हीच मागितलाय. निकाल लागले, ॲडमिशनची धावपळ संपली, की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो, "नवीन लॅपटॉप घेतलाय, आता पुढे काय?" कोणता घ्यावा यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण घरी आणल्यावर पहिल्या दोन तासांत काय करायचं, यावर कुणी नीट बोलत नाही. आज आपण विंडोज ११ असलेला लॅपटॉप धरून चालूया, कारण तुमच्यापैकी बहुतेकांकडे तोच येतो.

आता एक गंमत बघा. नवा फोन घेतला की तो आपण स्वतः सुरू करतो. आपला जीमेल, आपला पिन, आपलं बोट. दुसऱ्या कुणाच्या हातात देतो का? नाही. पण लॅपटॉप आला की घरातले म्हणतात, "दुकानातल्या मुलाकडूनच चालू करून घे," किंवा "दादाला येऊ दे, त्याला कळतं त्यातलं." आणि तो मुलगा पाच मिनिटांत सगळं 'करून' देतो. कसं? स्वतःचा ईमेल टाकून, नाहीतर तिथल्या तिथे एक नवं अकाउंट बनवून, ज्याचा पासवर्ड फक्त त्यालाच माहीत.

जमिनीचा व्यवहार आठवा. खरेदीखत झालं, पैसे दिले, पण सातबाऱ्यावर नावच लागलं नाही तर? जमीन कसायला तुम्ही, कागदावर मात्र भलताच. लॅपटॉपचं तसंच आहे. बिल म्हणजे तुमचं खरेदीखत. पण आतला सातबारा म्हणजे त्यात पहिल्यांदा टाकलेलं अकाउंट. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: पहिलं अकाउंट तुमचंच असलं पाहिजे, आणि ते तुम्हीच टाकलं पाहिजे.

"एवढं काय त्यात?" असं वाटत असेल तर हे ऐका. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. दोन वर्षं लॅपटॉप मस्त चालला. एके दिवशी मदरबोर्ड दुरुस्त होऊन आला, आणि चालू केल्यावर निळा स्क्रीन. ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की मागत होता. ही की होती दुकानातल्या मुलाच्या अकाउंटमध्ये. मुलाने केव्हाच नोकरी सोडलेली, नंबर बंद. लॅपटॉप शेवटी पूर्ण पुसून पुन्हा चालू झाला, पण प्रोजेक्टचा रिपोर्ट, साइटवरचे फोटो, सगळं गेलं. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. त्याने फक्त गिऱ्हाईक लवकर मोकळं केलं. पण किंमत कुणी मोजली?

ही की काय भानगड आहे ते पुढे सांगतो. आधी खोकं उघडूया.

खोकं उघडताना

पहिलं काम, सिरियल नंबर जुळवा. तो खोक्यावर असतो, बिलावर असतो आणि लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकरवर किंवा कोरलेला असतो. तिन्हीकडे एकच हवा. वॉरंटीचं सगळं गाडं या नंबरावर चालतं. तिन्हींचे फोटो काढा आणि बिलाच्या फोटोबरोबर स्वतःलाच ईमेल करा. कागदी बिलाची शाई वर्षभरात उडते, ईमेल उडत नाही.

दुसरं, चार्जिंग. "पहिल्यांदा आठ तास चार्ज करायचाच" हा सल्ला जुन्या काळच्या निकेलच्या बॅटऱ्यांचा. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही. चार्जर लावा आणि कामाला लागा. एक मात्र बघा, चार्जर तीन पिनचा असेल आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर झिणझिण्या येतात. जुन्या घरांत आणि होस्टेलवर हे सर्रास होतं. तेव्हा लॅपटॉपला दोष देण्याआधी सॉकेट बदलून बघा, आणि वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा.

तिसरं, इंटरनेट. विंडोज ११ होम सुरू करतानाच नेट मागतं. घरी वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. पण सुरुवातीचे अपडेट काही जीबींचे असतात. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तो तासाभरात फस्त होईल. म्हणून एक तर ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे अशा मित्राच्या घरी बसा, नाहीतर त्या दिवसापुरता जास्तीचा डेटा टाका. नंतर रोज हॉटस्पॉटच वापरणार असाल, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वायफाय, आणि आपल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज बरेचसे मोठे अपडेट आपणहून ओढत बसत नाही. महिन्यातून एकदा चांगलं नेट मिळालं की अपडेट उरकून घ्यायचे, विसरायचे नाहीत.

पहिले स्क्रीन

चालू केलं की प्रश्न सुरू होतात. देश, भारत. कीबोर्ड, इथे घाई नको. आपल्याकडच्या लॅपटॉपवर अक्षरं अमेरिकन पद्धतीने छापलेली असतात. म्हणून 'यूएस' किंवा 'इंग्लिश इंडिया' निवडा. चुकून 'युनायटेड किंगडम' निवडलं, तर ईमेल टाकताना ॲटचं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह उमटतं आणि तुम्हाला वाटतं कीबोर्डच खराब! 'इंग्लिश इंडिया'चा एक फायदाही आहे: उजवीकडचं ऑल्ट आणि ४ एकत्र दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं.

मग येतो तो मुख्य स्क्रीन, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा. इथे लक्ष द्या. तुम्ही तुमचा नेहमीचा जीमेल पत्ता टाकून मायक्रोसॉफ्टचं अकाउंट बनवू शकता. पण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पत्ता जीमेलचा असला तरी अकाउंट वेगळं आणि पासवर्डही वेगळा. जीमेलचा पासवर्ड बदलला म्हणून हा बदलत नाही. आणि दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवू नका. एक फुटला की दोन्ही गेले.

पुढे तो पिन ठेवायला सांगतो. पिन हा फक्त त्याच लॅपटॉपचा असतो. रोज तोच वापरता, त्यामुळे अकाउंटचा खरा पासवर्ड वर्षभरात डोक्यातून साफ जातो. नेमका नड येते तेव्हा पिन कामाचा नसतो, पासवर्डच लागतो. म्हणून कोणता ईमेल वापरला, कोणता मोबाइल नंबर दिला आणि पासवर्ड काय, हे घरातल्या एका वहीत लिहून ठेवा. हो, वहीत! घरातल्या कपाटातली वही, लॅपटॉपच्या बॅगेतली नव्हे. आणि नंबर देताना आपला कायमचा द्या. ऑफरसाठी घेतलेलं सिम बंद पडतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. मग ओटीपी त्याच्याकडे.

एक बारीकशी गोष्ट, पण मजेशीर. विंडोज तुमच्या ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून आत तुमच्या नावाचं फोल्डर बनवतं. दादाचा ईमेल टाकला तर सी ड्राइव्हमध्ये दादाचं अर्धवट नाव कायमचं बसतं, आणि ते बदलणं किचकट असतं.

त्यानंतर प्रायव्हसीचे प्रश्न येतात. जाहिरातींसाठीचा आयडी, टायपिंगची माहिती पाठवणं, जास्तीची डायग्नोस्टिक माहिती, सगळ्याला खुशाल 'नो'. 'फाइंड माय डिव्हाइस' मात्र चालू ठेवा, हरवला तर शेवटचा ठावठिकाणा दिसू शकतो. मग वेगवेगळ्या ट्रायल पुढे येतील. ज्या ट्रायलला कार्डचा नंबर हवा असतो, ती फुकट नसते. मुदत संपली की पैसे कापले जातात. 'स्किप' किंवा 'डिक्लाइन' कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ते शोधा.

४८ आकड्यांची चावी

आता ती की. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं. म्हणजे आतल्या सगळ्या फाइल कुलूपबंद. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी त्याला काही वाचता येत नाही. सोय उत्तम आहे. पण मदरबोर्ड बदलला, कधी कधी बायोस अपडेट झाला, की लॅपटॉपला शंका येते, "हा मालकच आहे ना?" आणि तो ४८ आकडे मागतो.

हे आकडे पहिल्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असतात. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केलात तरी ते हे कुलूप उघडून देऊ शकत नाहीत. कुलूप बनवलंच तसं आहे. चावी असेल तर डेटा आहे, नसेल तर नाही.

मग करायचं काय? सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जा, डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर फोनच्या ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये आपल्या लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की दिसते. ती त्याच वहीत उतरवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. किल्ली घरात ठेवून दाराला कुलूप लावण्यासारखं होईल ते.

ऑफिसचाही सातबारा

बऱ्याच लॅपटॉपबरोबर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट असलेलं ऑफिस कायमस्वरूपी मिळतं. त्याचे पैसे तुमच्या बिलात आहेत. पण हे ऑफिस ज्या अकाउंटने पहिल्यांदा ॲक्टिव्हेट केलं, त्यालाच चिकटतं. दुसऱ्याच्या अकाउंटवर गेलं की ते तुमच्याकडे वळवता येत नाही. आणि ॲक्टिव्हेट करायला मुदत असते, त्यामुळे "परीक्षा झाल्यावर बघू" असं नको. वर्ड उघडा, स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा, त्याच दिवशी.

ऑफिस मिळालं नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, गूगल डॉक्स फुकट आहे. कॉलेजच्या कामाला भरपूर झालं. पण "पाचशे रुपयांत सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात काय काय येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. क्रॅक चालवायला तो आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, यातच सगळं आलं.

दुकानदाराने दिलं तेच आहे ना?

डेस्कटॉप दिसला की हिशोब तपासा. सेटिंग्ज, सिस्टिम, सगळ्यात खाली 'अबाउट'. तिथे प्रोसेसर आणि रॅम दिसते, ती बिलाशी जुळवा. मग सिस्टिममध्येच 'ॲक्टिव्हेशन'. तिथे 'ॲक्टिव्ह' असं हवं. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणून "विंडोज टाकायचे वेगळे पैसे" कुणी मागितले तर विचारा, कशाचे? बिलावर 'डॉस' लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या लॅपटॉपबरोबर विंडोज येतच नाही.

आणि हो, स्टोरेज. खोक्यावर ५१२ जीबी, आत दिसतात ४७७ च्या आसपास. फसवणूक नाही ती. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. मापाचा फरक आहे. शिवाय त्यातून विंडोज स्वतःसाठी जागा घेतं ती वेगळीच.

आता विंडोज अपडेट सुरू करा आणि चहा घ्या. दोन-तीनदा रिस्टार्ट होईल. बटण दाबून मध्येच बंद करू नका, आणि चार्जर लावलेलाच ठेवा. अपडेट झाले की आधीपासून टाकलेली गेम आणि ट्रायल ॲप काढून टाका. ट्रायलवाला अँटिव्हायरस काढला तरी घाबरायचं कारण नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पहारा सुरू करतो, आणि आपल्या रोजच्या वापराला तो पुरतो.

शेवटची सेटिंग, फाइल एक्स्प्लोरर उघडा, वर 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. आता प्रत्येक फाइलचं आडनाव दिसेल. हॉलतिकीट म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी पीडीएफऐवजी ईएक्सई दिसलं, की समजायचं, हे हॉलतिकीट नाही, हा पाहुणा घरात घ्यायचा नाही.

मराठी कीबोर्ड

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा. विंडोजची भाषाच बदलायची का असं विचारेल, नको असेल तर ती खूण काढा. मग मराठीच्या पर्यायांत जाऊन 'फोनेटिक' कीबोर्ड जोडला, की फोनवर लिहिता तसं इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटतं. सरकारी परीक्षांसाठी टायपिंग शिकायचं असेल तर 'इनस्क्रिप्ट'ची सवय करा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. हे सगळं युनिकोड आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर अगम्य अक्षरं होऊन बसतं, हे तसं होत नाही.

फाइल कुठे जाते?

फोनवर वाढलेल्या आपल्या पिढीची खरी अडचण ही आहे. फोनमध्ये फाइल 'असते'. व्हॉट्सॲपमध्ये शोधली, गॅलरीत शोधली, सापडते. लॅपटॉपवर मात्र फाइल कुठेतरी ठेवावी लागते. नाहीतर सगळं 'डाउनलोड्स'मध्ये साठतं आणि सबमिशनच्या रात्री 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा तीन फाइल समोर येतात. पहिल्याच दिवशी डॉक्युमेंट्समध्ये चार फोल्डर करा: कॉलेज, कागदपत्रं, घर, इतर. कॉलेजच्या आत विषयवार. झालं.

आणि वनड्राइव्हकडे लक्ष द्या. सेटअपमध्ये तो कधी कधी तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आपणहून क्लाउडवर चढवू लागतो. फुकट जागा ५ जीबी. ती भरली की सतत पैसे भरायचे मेसेज. कामाच्या कागदपत्रांपुरता ठेवा, फोटो-व्हिडिओ वगळा. पण एक समजून घ्या, वनड्राइव्ह म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. इथे फाइल डिलीट केली की तिथूनही जाते, काही दिवस फक्त रिसायकल बिनमध्ये राहते. म्हणून महत्त्वाचं सगळं महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

लॅपटॉप आधीच दुसऱ्याने चालू केला असेल तर?

आता हे ऐकून कुणीतरी कपाळाला हात लावला असेल. थांबा, मार्ग आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात 'युअर इन्फो'. तिथे कुणाचा ईमेल दिसतोय?

तुमचा असेल तर निवांत. दुकानातल्या मुलाने तुमच्यासाठी नवंच अकाउंट काढलं असेल, तर आजच त्याला गाठा, पासवर्ड घ्या, तो बदला, त्याचा नंबर काढून तुमचा टाका. ऑफिसही त्याच अकाउंटवर असेल तर तेही तुमच्याकडे राहील. आणि त्याने स्वतःचं वैयक्तिक अकाउंट टाकलं असेल, तर आधी रिकव्हरी की मागून वहीत लिहा आणि फाइल बाहेर कॉपी करा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. लॅपटॉप पुन्हा नव्यासारखा, आणि या वेळी पहिलं नाव तुमचं. फक्त त्याने ऑफिस ॲक्टिव्हेट केलंय का ते रीसेट करण्याआधी विचारा, कारण ते त्याच्याकडेच राहील. बोलायचंच असेल तर बिल ताजं असताना, दुकानात, नम्रपणे पण ठामपणे बोला.

आई-बाबांनी हप्त्यावर घेतलेली, नाहीतर सोयाबीनच्या पैशातून आलेली वस्तू आहे ही. तिच्यात पुढची तीन-चार वर्षं तुमचा अभ्यास, तुमचे अर्ज, तुमचे फोटो राहणार आहेत. दोन तास द्या तिला. आणि घरात धाकटी बहीण असेल तर हे करताना तिला शेजारी बसवा. पुढच्या वेळी ती दुकानातल्या मुलाला सांगेल, "दादा, खोकं उघडू नका, मीच करते."

तर आजचं काम: वही काढा, तीन गोष्टी लिहा. ईमेल, पासवर्ड, ४८ आकडे. लिहून झालं की मला फक्त 'झालं' एवढाच मेसेज करा. आकडे पाठवू नका हं! मलाच काय, कुणालाच नाही.

पुढच्या भागात बोलूया जुन्या लॅपटॉपबद्दल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग घरातल्या जुन्या मशीनचं काय करायचं ते बघू. तोवर काळजी घ्या, भेटूया!